गाऊन घातलेल्या राणीचा पदर

अंधेरी पूर्वेला एका साबणाच्या गोदामाच्या वर बसून मी युरोपातल्या निम्म्या सिंहासनांवर राज्य केलं आहे. माझ्या शब्दाशिवाय तिथला एकही राजा तोंड उघडत नसे. सरदार कट करायचे ते मी लिहून दिल्यावर, राण्या बाळंत व्हायच्या त्या माझ्या मराठीत, आणि एका आरमाराची सबंध लढाई तर मी दुपारचा डबा खाता खाता जिंकून दिली आहे. आता निवृत्त झालो. राजांचं काय चाललंय माहीत नाही. माझ्यावाचून त्यांचं अडत असणार, पण कळवत नाहीत.

धंदा होता डबिंगच्या संहिता लिहिण्याचा. परदेशी मालिका मराठीत येतात तेव्हा त्या गोऱ्या माणसांच्या तोंडात मराठी कोणीतरी घालावं लागतं. तो कोणीतरी मी. लोकांना वाटतं, हे भाषांतर. भाषांतर करणारा खुर्चीत बसून शब्दाला शब्द शोधतो. आम्हाला तोंडाला तोंड शोधावं लागतं. पडद्यावरच्या बाईनं ओठ मिटले की मराठीतही ओठ मिटणारं अक्षर हवं. प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी. तिनं ओठ उघडेच ठेवले आणि तुम्ही 'बापरे' लिहून मोकळे झालात, तर बाई पोटातून बोलल्यासारखी दिसते. त्यात इंग्रजांची सवय अशी की करायचं काय ते वाक्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकायचं. आपण मराठी माणसं ते शेवटाला नेऊन ठेवतो. राणी सुरुवातीला 'मारा' म्हणते तेव्हा कॅमेरा तिच्या तोंडाला चिकटलेला असतो. आपलं 'मारा' येईपर्यंत ती सूप पीत असते. एकदा माझी एक सम्राज्ञी सुपाचा चमचा तोंडात ठेवून तीन गावं जाळायचा हुकूम देती झाली. कोणी तक्रार केली नाही. मराठी प्रेक्षक मोठ्या मनाचा आहे.

पण ओठ जुळवणं हे सवयीनं येतं. खरी मारामारी असायची जुन्या इंग्रजी क्रियापदांशी. ऐतिहासिक मालिकांमधली माणसं साधं काही करतच नाहीत. ती थांबत नाहीत, 'टॅरी' करतात. मारत नाहीत, 'स्माइट' करतात. हे 'स्माइट' म्हणजे देवानं किंवा देवाच्या वतीनं बोलणाऱ्यानं वरून हाणलेला तडाखा. पानटपरीवरच्या भांडणात कोणी कोणाला स्माइट करत नाही. मी एका बिशपला 'निर्दाळीन' असं दिलं होतं. वाहिनीच्या माणसानं ते खोडून 'वाट लावीन' केलं. भर चर्चमध्ये, हातात क्रूस घेऊन, बिशप म्हणाला, "पाप्यांनो, तुमची वाट लावीन." मी आठवडाभर तोंड लपवून फिरलो. आणि खरं सांगतो, मालिका चालायला लागली ती त्याच दिवसापासून. कांदिवलीला माझ्या इमारतीतली पोरं जिन्यात बिशप-बिशप खेळायची.

तर अशा सगळ्या क्रियापदांमध्ये मला ज्यानं घाम फोडला ते म्हणजे 'बिसीच'.

आज कुठलाही इंग्रज बसमध्ये 'बिसीच' म्हणणार नाही. ते सापडतं जुन्या नाटकांत राजापुढे, जुन्या प्रार्थनांत देवापुढे, आणि जुन्या प्रेमिकांच्या तोंडी, जे बहुधा पुढच्या अंकात मरतात. 'सीक' म्हणजे शोधणं, त्याच्याच कुळातलं हे. म्हणजे नुसतं मागणं नव्हे. समोरच्याच्या आत कुठेतरी दया असेल, ती शोधत शोधत मागणं. ते मोठ्यानं मागतं, पण हट्टानं नाही. आणि मागणाऱ्याकडे दुसरा काही उपाय उरलेला नसतो. हे सगळं त्यांनी एका क्रियापदात कोंबलंय, आणि मला ते एका बाईच्या दोन सेकंदांच्या ओठांत कोंबायचं होतं.

ती बाई म्हणजे एका मालिकेतली राजमाता. नवरा मेलेला, दीर गादीवर बसलेला, आणि दिरानं हिच्या मुलाला फाशी फर्मावलेली. आयुष्यात कधी कोणाकडे पेलाभर पाणी न मागितलेली ही बाई दरबारात येते आणि एवढंच म्हणते, "आय बिसीच यू, माय लॉर्ड." दीर म्हणतो, "नो." संपलं.

राजमातेचा आवाज कुमुद तांडेल देणार होती.

कुमुद खारदांड्याची. घरच्या होड्या, आई बाजारात मासळी घेऊन बसायची. कुमुदच्या आवाजाबद्दल मी सांगतो ते कोणी खरं मानत नाही, पण मी सांगणारच. ती दांड्याच्या किनाऱ्यावरून हाक मारायची आणि खोल पाण्यातली होडी वळायची. स्टुडिओत ती हळू बोलली तरी खालच्या गोदामात साबणाच्या वड्या रांग सोडायच्या. वीस वर्षं तिनं माझ्या सगळ्या राण्या, सासवा, जादूगारिणी आणि एक बोलकी घोडी केली. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडचं. ऑपरेशन उत्तम झालं, बाई वाचली, आवाज मात्र अर्धा राहिला. वर्षभर ती घरी बसली. परत आली तेव्हा तिचा आवाज धुतलेल्या मलमलीसारखा विरविरीत झाला होता, आणि सात-आठ अक्षरांनंतर श्वास तुटायचा.

राजमातेच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी जिन्यात ती मला म्हणाली, "दिघे, आज झालं तर झालं. नाही झालं तर मी या जिन्यानं परत चढणार नाही."

"असं का बोलतेस गं?"

"लोक मला चहा विचारतात रे. काम विचारत नाहीत. मला चहा नको."

वाहिनीकडून ऋजुता नावाची एक मुलगी आली होती. हुशार, चटपटीत, आणि वाईट अजिबात नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर अशा लेखांत वाहिनीचा माणूस आला की वाचक दगड शोधायला लागतात. तिनं सरळ सांगितलं होतं. हाच प्रसंग आज नमुना म्हणून करायचा. जमला तर राजमाता शेवटच्या भागापर्यंत कुमुदताईंची. नाही जमला तर दुसरी कलाकार तयार आहे, ती उद्यापासून येईल.

सकाळीच ऋजुताची आणि माझी जुंपली. मी त्या एका वाक्यासाठी आठवडाभर झुरलो होतो. 'विनंती करते' लिहिलं, तर राणी सोसायटीची सेक्रेटरी वाटायला लागली. पुढे आता पाण्याच्या टाकीबद्दल बोलणार. 'याचना करते' म्हटलं की पौराणिक मालिकेसारखे मागे ढग आणि डोक्यावर मुकुट आला. 'भीक मागते'मध्ये आरडाओरडा आला, आणि ती बाई ओरडत नव्हती. 'आर्जव' फार लाडाचं. 'गयावया' तर दुसऱ्यानं केलेली आपण सांगतो, स्वतः कोणी म्हणत नाही की मी आता गयावया करते. 'हात जोडते' बरं होतं, पण पडद्यावर तिचे हात खाली लोंबत होते. शेवटी मी लिहिलं, "पदर पसरते, महाराज."

ऋजुतानं वाचलं. "सर, तिनं गाऊन घातलाय."

"दिसतोय मला."

"मग पदर कुठून आला?"

"तू कोणाला म्हणतेस ना, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव? मग तो बाटली आणायला जातो का?"

"सर, लोक हसतील. मीम बनवतील. आपण 'प्लीज' ठेवू या ना. 'प्लीज, महाराज.' इमोशन तर ताई देतीलच."

"अगं, 'प्लीज' आपण रिक्षावाल्याला म्हणतो, मीटर टाक म्हणून. तो तरी ऐकतो का?"

ती हसली, पण पेन तसंच उगारलेलं. मग मी माझं शस्त्र काढलं. चित्र लावून दाखवलं. 'बि'ला राणीचे ओठ मिटतात, तिथे माझा 'प'. 'माय'ला मिटतात, तिथे 'महाराज'चा 'म'. मधे 'पसरते'चा एक 'प' जास्तीचा होतो, पण देवाची करणी बघा, बरोबर त्याच जागी त्या नटीनं खालचा ओठ दाताखाली धरलाय. म्हणजे ती परदेशी नटी शूटिंगच्या दिवशी मनातल्या मनात मराठीच बोलत होती, याबद्दल माझी खात्री आहे. आणि मुख्य म्हणजे वाक्य कुमुदच्या श्वासात बसत होतं. 'पदर पसरते', जरा थांबायचं, 'महाराज'. हे मात्र मी ऋजुताला सांगितलं नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "दोन्ही रेकॉर्ड करू. ऐकून ठरवू."

आमचा ध्वनिमुद्रक सायमन. मनोरीचा. रोज मार्वेची फेरीबोट पकडून यायचा आणि समुद्राला भरती किती, ओहोटी किती, हे स्टुडिओत आल्या आल्या जाहीर करायचा, जसं काही आम्हालाही पोहत घरी जायचंय. त्यानं मूळ इंग्रजी वाक्य ऐकलं आणि म्हणाला, "काका, हा शब्द आमच्याकडं लहानपणी चर्चमधल्या प्रार्थनेत असायचा. अर्थ कोणाला माहीत नाय. पण तो आला की सगळे आपोआप मान खाली घालायचे."

"अर्थ तोच," मी म्हटलं.

कुमुद काचेच्या खोलीत गेली. कानांवर हेडफोन, समोर पडदा, पडद्याखाली माझा कागद. आता इथे धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी, कारण घोळ तिथेच झाला. पूर्वी आम्ही सगळे एका माइकभोवती उभे राहायचो. राजा, राणी, खुनी आणि मेलेला माणूस, सगळे खांद्याला खांदा लावून. खुनी भोसकायचा आणि मेलेला माणूस हळूच त्याच्या पायावर पाय द्यायचा. आता तसं राहिलेलं नाही. प्रत्येक जण आपल्या सवडीनं एकटा येतो, आपली वाक्यं बोलून जातो. संगणक मग त्यांची भेट घालून देतो. या मालिकेतला राजा तर स्टुडिओत आलाच नव्हता. मुलुंडला राहत्या घरी, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून कपड्यांच्या कपाटात, गोधड्यांमध्ये बसून त्यानं आपलं सगळं राज्य आधीच करून पाठवलं होतं. त्याचं "नाही" तयार होतं. कुमुदच्या हेडफोनमध्ये ते तिच्या वाक्यानंतर लगेच वाजणार होतं.

पहिला टेक. "पदर पसरते, महाराज." "नाही."

ओठ जुळले. श्वास पुरला. पण ते वाक्य मेलेलं होतं. कोणीतरी फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं.

दुसऱ्या टेकला वरून विमान गेलं. अंधेरीत राज्य करायचं म्हणजे विमानांना खंडणी द्यावीच लागते. तिसऱ्याला 'महाराज'चा 'राज' विरून गेला. मग "प्लीज, महाराज" घेतलं. ते तर मीटर टाकायला सांगितल्यासारखंच झालं, हे मी मत्सरानं म्हणत नाही. पुन्हा पदर. पुन्हा काही नाही. ऋजुता काचेबाहेर बसून ऐकत होती. मग तिनं सायमनला हळूच विचारलं, "सॉफ्टवेअरनं आवाज थोडा भरता येईल का?"

"आवाज भरता येईल, मॅडम," सायमन म्हणाला. "बाकीचं नाय भरता येत."

आमचं बोलणं आत जात नसतं. पण कुमुदनं आयुष्यभर काचेपलीकडचे ओठ बघितलेत. तिनं हेडफोन काढला आणि मला हातानं आत बोलावलं.

मी आत गेलो. तिचा चेहरा उतरलेला नव्हता, चिडलेला होता, आणि मला बरं वाटलं.

"तो आधीच नाही म्हणून बसलाय रे," ती म्हणाली.

"कोण?"

"राजा. मी तोंड उघडायच्या आत मला माहितीये, तो कानात नाही म्हणणार. ज्याचं ठरलंय त्याच्यापुढे पदर कसा पसरू? त्याला नुसता निरोप देता येतो."

आठवडाभर त्या क्रियापदाच्या मागे लागून मला हे सुचलं नव्हतं.

"आम्ही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो," ती म्हणाली, "तेव्हा घरात पंख्याखाली बसून देतो का? समोर जाऊन उभं राहायचं. आणि दर्याचं काय मनात आहे ते कोणाला माहीत नसतं, म्हणून तर मागायचं. माहीत असतं तर नारळाची वडीच नसती का केली?"

"मग काय करू सांग."

"राजाचा आवाज बंद करायला सांग. आणि तू इथं उभा राहा, माझ्यासमोर. तू राजा."

"मी?"

"दुसरा आहे कोण? ती ऋजुता उभी राहिली तर मला रडू येईल, माझ्या भाचीएवढी आहे. पोट आत घे. आणि एक सांगते दिघे, ठरवून येऊ नकोस. 'हो' पण ठरवू नकोस, 'नाही' पण ठरवू नकोस. नुसता उभा राहा."

सायमननं कुरकुर केली. "काका, तुमचा श्वास माइकमध्ये येतो. बैल बांधल्यासारखा वाटतो." मी म्हटलं, राजे लोक श्वास घेत नसतात, आणि माइकच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. ऋजुतानं घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली, घ्या एकदा.

मी कांदिवलीचा दिघे. चष्मा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात बडीशेप. माझ्याकडे बघून कोणाला फाशी आठवणार नाही. खोलीतला दिवा मंद झाला, पडद्यावर दरबार लागला. तो माझ्या पाठीमागे होता, त्यामुळे मला दिसत नव्हता. मला फक्त कुमुद दिसत होती. ती पडद्याकडे एका डोळ्यानं बघत असेल तर असेल, मला तरी वाटलं ती सबंध माझ्याकडेच बघतेय.

तिनं साडी नेसली होती, पण पदर खांद्यावर पिनेनं लावलेला. त्याला तिनं हात लावला नाही. हात खालीच. तिनं श्वास घेतला. पूर्वी ती श्वास घ्यायची तेव्हा खोलीतली हवा कमी व्हायची. आता घेतला तो अगदी छोटा, हिशेबानं वापरायचा. आणि त्या विरलेल्या, मधेमधे पारदर्शक झालेल्या आवाजात ती म्हणाली,

"पदर पसरते..."

इथे ती थांबली. कागदावर थांबायचं होतंच, पण ती कागदासाठी थांबली नाही. मी काय करतो ते बघायला थांबली. माझ्या तोंडावर काही सापडतंय का, ते शोधत होती. इतकी वर्षं मी या बाईला वाक्यं लिहून दिली, तिनं ती म्हटली, मी पुढचं पान लिहिलं. तिनं कधी मला काही मागितलं नव्हतं. आता समोर उभी होती, आणि तिला मुलगा हवा होता की आपलं काम परत हवं होतं, मला वेगळं करता येईना. दोन्ही माझ्याच हातात असल्यासारखं वाटलं.

"...महाराज."

जुना आवाज असता तर साबणाच्या वड्या हलल्या असत्या. हा आवाज गोदामापर्यंत गेलाच नाही. तो बरोबर माझ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

राजाचा आवाज बंद केलेला, म्हणून त्यापुढे शांतता होती. राजाचं "नाही" मुलुंडच्या कपाटातून आलेलं होतंच, सायमन ते नंतर जोडणार होता. मला फक्त उभं राहायचं होतं. पण माझ्या तोंडून, छातीतून, त्या बैलाच्या श्वासासकट, चांगलं स्पष्ट बाहेर पडलं, "दिलं."

सायमनचा हात बटणावर तसाच. वरून एक विमान गेलं. यावेळी उशिरा आलं बिचारं, आमचं उरकलं होतं.

मग काचेपलीकडून ऋजुताचा आवाज आला. "सर, तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"दिलं."

"पण राजा नाही म्हणतो ना?"

"हो."

"त्याच्या नाहीवर पुढचे सगळे भाग आहेत, सर. मुलगा फासावर जातो, ती सैन्य उभं करते."

"मला माहितीये. मीच लिहिलेत."

"मग?"

"तू ये इथं उभी राहा," मी म्हटलं. "आणि म्हणून दाखव नाही."

ती आली नाही. तिनं सायमनला ते पुन्हा ऐकवायला सांगितलं. बाहेरच्या स्पीकरवर ते वाजलं, पडद्यावरच्या राणीच्या ओठांवर बसलं; मिटायचे तिथे मिटले, चावायचा तिथे ओठ चावला. गाऊन घातलेल्या त्या बाईला पदर होता. तो कोणाला दिसत नव्हता, आणि कोणी विचारतही नव्हतं. त्यामागून माझं "दिलं" आलं, राजाच्या बंद तोंडातून, कांदिवलीच्या आवाजात.

ऋजुतानं ते तिसऱ्यांदा ऐकलं. तिनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"मॅडम," सायमननं विचारलं, "काय ठेवू?"

"काकांचं कापा," ती म्हणाली. "ताईंचं ठेवा."

कुमुदनं बाटलीतून पाण्याचा एक घोट घेतला, गळ्यावरच्या जुन्या व्रणावर दोन बोटं ठेवली, उचलली, आणि कागदाचं पान उलटलं.

"पुढचा सीन लाव रे सायमन," ती म्हणाली. "आणि दिघे, तू बाहेर हो. या सीनमध्ये राजा नाहीये."